विलोकरांचं न दिलेलं मत

मार्चच्या मध्यावर दोन-तीन आठवडे असे येतात, की माझी बहीण मला एका तासाने जवळ येते. कॅनडातली घड्याळं तोवर पुढे सरकलेली असतात, इंग्लंडची अजून सरकायची असतात. एरवी आमच्यामध्ये सहा तास असतात, या दिवसांत पाचच. दरवर्षी मला ते कुणीतरी गुपचूप दिलेल्या सवलतीसारखं वाटतं. जणू अटलांटिक थोडा आकसला आहे, आणि महिनाअखेरीला कुणाच्या लक्षात यायच्या आत पुन्हा ताणून पहिल्यासारखा केला जाणार आहे.

परवा ट्रॅममधून उतरलो तर चौकातल्या गोल बेटावर डॅफोडिल्स उभी होती, पावसाने माना वाकवलेली. संध्याकाळचा उजेड समोरच्या विटांच्या भिंतीवर अजून रेंगाळत होता. हिवाळाभर याच वेळी अंधारातून घरी आलेलो असतो, त्यामुळे तो उजेड मला नेहमी उसना वाटतो. दार उघडलं आणि आतून बाबांचा आवाज आला, "गदा आली! अरे, ये लवकर, गदा आली!"

मी समजलो. मनूच्या विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं होतं.

मनू, म्हणजे माझी धाकटी बहीण मनीषा, कॅनडातल्या गवताळ मैदानी मुलखातल्या एका प्रांतात आमदार आहे. सांगलीचे नातेवाईक फोनवर तिला आमदारीणबाई म्हणतात आणि पोलीस संरक्षण आहे का, लाल दिव्याची गाडी आहे का, असं विचारतात. तिच्याकडे बर्फ उकरायचं फावडं डिकीत ठेवलेली जुनी गाडी आहे. त्या विधानसभेचं कामकाज इंटरनेटवर दिसतं. त्यांची दुपार, आमची संध्याकाळ. सुरुवातीला पडद्यावर नुसतं राजचिन्ह असतं आणि आवाज नसतो. मग दार उघडतं आणि काळ्या कपड्यातला एक माणूस खांद्यावर सोनेरी गदा घेऊन संथपणे चालत येतो. ती टेबलावर ठेवली की सभागृह भरलं असं समजायचं. "भीम गेला, गदा राहिली," असं बाबा दर वेळी म्हणतात आणि दर वेळी स्वतःच हसतात.

बाबा डॉक्टर होते. लँकेशरच्या डोंगरातल्या एका छोट्या गावातल्या छोट्या हॉस्पिटलात त्यांनी उमेदीची वर्षं काढली. त्यांनी आम्हाला सांगलीहून इकडे आणलं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि मनू तीन. त्यामुळे माझं मराठी पुरतं झालेलं होतं आणि तिचं अर्ध्यावर राहिलं. ती वडिलांना 'तू' म्हणते, कपाला 'ती' म्हणते आणि बशीला 'तो'. बाबांनी तिला कधी दुरुस्त केलं नाही. मला मात्र ऱ्हस्व-दीर्घावरून बोलणी बसत. आता ऐंशी ओलांडलेले बाबा माझ्याकडेच असतात, पुढच्या खोलीतल्या खिडकीशी, खुर्चीत, गुडघ्यांवर शाल घेऊन. आई जाऊन बरीच वर्षं झाली.

त्या सभागृहाची एक रीत बाबांना भारी आवडली होती. तिथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. सदस्य ज्या मतदारसंघाचा, त्याच मतदारसंघाच्या नावाने त्याचा उल्लेख. मनूचा मतदारसंघ ईस्टगेट, तर ती 'ईस्टगेटच्या सन्माननीय सदस्य'. "अरे, हे तर आपलंच!" बाबा खुर्चीत पुढे सरकून म्हणाले होते. "गावावरून आडनाव! सांगलीचा सांगलीकर, तशी ही ईस्टगेटकर." आणि मग त्यांनी सगळ्या सभागृहाचं बारसं करून टाकलं. समोरच्या बाकांवर, विरोधी पक्षात, विलो क्रॉसिंग नावाच्या लांबच्या गावचे एक उंच, रुंद खांद्यांचे गृहस्थ बसत. कानात यंत्र, अंगात रोज तेच तपकिरी जाकीट. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान होतं. ते झाले विलोकर.

विलोकर बाकावर तळहात आपटण्यात पटाईत होते. मनू बोलायला उभी राहिली की त्यांचा भरदार आवाज यायचा, "सिट डाउन, ईस्टगेट!" आणि इकडे मँचेस्टरमध्ये शालीतून हात बाहेर काढून बाबा ओरडायचे, "तूच बस की रे, विलोकरा!" मग माझी बायको वंदना आतून म्हणायची, "बाबा, बीपी!"

पण हेच विलोकर रोज उभे राहून एकच प्रश्न विचारत. त्यांच्या गावातल्या हॉस्पिटलचा तातडीचा विभाग, बाबांच्या भाषेत कॅज्युअल्टी, सरकार बंद करणार का? मंत्री रोज उत्तर देत आणि उत्तरात काही नसे. बाबा तेवढ्यापुरते गप्प होत. त्यांच्या लँकेशरच्या हॉस्पिटलातली कॅज्युअल्टीही अशीच एके दिवशी बंद झाली होती. "तेव्हा मी नवा होतो," ते एकदा म्हणाले. "नव्या माणसाने काय बोलायचं?"

गेल्या वर्षीचा मार्च मला सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. हॉस्पिटलच्या सहाव्या मजल्यावरची खिडकी आणि खालून जाणाऱ्या पिवळ्या ट्रॅम, आवाज नसलेल्या, एखाद्या मत्स्यालयातल्या माशांसारख्या. ऑक्सिजनचा बारीक फुसफुसाट. बाबांचे हात, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची नाडी पाहिली, ते चादरीवर उताणे. त्यांना न्यूमोनिया झाला होता आणि आधीच थकलेलं हृदय त्या ओझ्याखाली वाकलं होतं. ते डोळे उघडत आणि माझ्यामागच्या कोणाला तरी पाहत. मग त्यांनी डोळे उघडणंही सोडलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने मला बाजूला घेतलं आणि इथल्या डॉक्टरांच्या त्या मऊ, जपून ठेवलेल्या आवाजात म्हणाली, "इट कुड गो आयदर वे. आय वुडन्ट लाइक टू से." मी तीस-पस्तीस वर्षं याच इंग्रजीत नोकरी केली आहे. तिला नेमकं काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. काहीही होऊ शकतं, आणि मी अंदाज बांधणार नाही.

मग मी कॉरिडॉरमध्ये चॉकलेटच्या मशीनपाशी उभं राहून मनूला फोन लावला, आणि माझ्या तोंडून मराठी निघालं.

"मनू, बाबांचं काही खरं नाही."

हे वाक्य आमच्या घरात फार स्वस्त होतं. पावसाचं काही खरं नाही, बसचं काही खरं नाही, काकांच्या धंद्याचं तर कधीच काही खरं नव्हतं. पण माणसाच्या बाबतीत तेच वाक्य अगदी वेगळं होतं. आजोबांचं काही खरं नाही म्हणाले, आणि दोन दिवसांनी घरासमोर चपला जमल्या. त्या तीन शब्दांत 'सांगता येत नाही' हेही आहे आणि 'आता गेलेच' हेही. त्यातलं कुठलं माझ्या मनात होतं, हे मी वर्षभर स्वतःला विचारत आलो.

"काय खरा नाही?" मनूने विचारलं. "डॉक्टर खोटा बोलतो?"

"तसं नाही गं."

"मग कसं? इज ही डाइंग, दादा?"

मी गप्प राहिलो. मशीनच्या काचेआड चॉकलेटं ओळीत उभी होती. मला वाटत होतं, तिने यावं. मला एकट्याला तिथे उभं राहायचं नव्हतं. हे खरं कारण होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

"तू ये," एवढंच मी म्हणालो.

ती ये म्हणताच येऊ शकत नव्हती. त्याच आठवड्यात अर्थसंकल्पावर मतदान होतं. तिचा पक्ष सत्तेत होता, पण केसाइतक्या फरकाने. सभापती वगळले तर समोरच्यांपेक्षा एकच मत जास्त. त्यात एक सदस्य शस्त्रक्रियेसाठी घरी, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, आणि सारख्या झाल्या की सभापतींचं मत सरकारला. मनू गैरहजर राहिली की तेही नाही. अर्थसंकल्प पडला की सरकार पडलं, हा तिथला आणि इथलाही नियम. आणि त्याच अर्थसंकल्पात विलो क्रॉसिंगची कॅज्युअल्टी बंद करायची एक ओळ होती.

मनूला ती ओळ मान्य नव्हती. पक्षाच्या आमदारांची बंद दाराआड बैठक असते, त्यात ती या विषयावर भांडली होती. पण बाहेर आल्यावर सगळ्यांनी एकच मत द्यायचं असतं. याच्या आधी एकदा बाबांनी तिला फोनवर विचारलं होतं, "मग तुझं मत गेलं कुठे?"

"दिला ना बाबा, आतमध्ये."

"आतमध्ये दिलेलं मत हे मत नव्हे. ते मनोगत."

माझ्या फोननंतर तासाभराने तिचाच फोन आला. मागे बुटांचे आवाज होते, ती त्या इमारतीच्या दगडी जिन्यावरून चालत असावी.

"दादा, मला पेअर पाहिजे."

"कसली पेअर?"

"समोरच्या पार्टीचा एक माणूस. मी व्होट नाही केला, तर तो पण नाही करणार. मग इक्वल."

"लिहून देतो का तो?"

"नाही रे. नुसता शब्द. रूल्समध्ये पण नाहीये. कोणी आजारी असला, कोणाच्या घरी डेथ असली, तर देतात."

"देतील?"

"त्यांच्या व्हिपने नो म्हटलं."

व्हिप म्हणजे प्रतोद, पक्षाचे सदस्य मतदानाला हजर ठेवणारा माणूस. दोन्ही पक्षांचे प्रतोद तिच्याशी नीट बोलले होते म्हणे. तिचा म्हणाला, नको जाऊस. समोरचा म्हणाला, फार वाईट वाटतं, पण जोडी मिळणार नाही. सरकार पाडायची संधी पुन्हा कधी येणार? मनूने दोघांनाही सांगितलं, मी जाणार आहे. जोडी मिळो न मिळो, तिकीट काढलंय. ती तशीच आहे, लहानपणापासून.

आणि मग, ती कोट घालत असताना, विलोकर तिच्या ऑफिसच्या दारात आले. दार व्यापून उभे राहिले, असं ती म्हणाली. त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं आणि विचारलं, काय झालंय ते मला नीट सांग. तिने सांगितलं. ते म्हणाले, "मी बाहेर थांबतो. तू जा." त्यांच्या पक्षाला न विचारता. दाराशी वळून म्हणाले, "आणि परत आलीस की तुला मी तितकंच ओरडणार आहे हं, ईस्टगेट."

मतदान झालं तेव्हा मनू महासागरावर कुठेतरी होती आणि मी बाबांच्या पलंगाशी, फोन मांडीवर ठेवून, आवाज बंद करून बसलो होतो. बाहेर तो उसना उजेड होता. पडद्यावर सदस्य एकेक करून उठत होते, त्यांची नावं पुकारली जात होती. मत देताना तेवढी खरी नावं पुकारतात. उठायचं, किंचित मान लववायची, बसायचं. आवाजाशिवाय ते कुठल्यातरी जुन्या पूजेसारखं दिसत होतं. कॅमेरा सबंध सभागृहावरून सावकाश फिरला. मनूची खुर्ची रिकामी होती. तिच्या जवळजवळ समोर, वाटेच्या पलीकडे, विलोकरांची खुर्ची रिकामी होती. तिथे आणखी एक रीत आहे. कोण गैरहजर आहे, हे सभागृहात बोलून दाखवायचं नसतं. त्यामुळे सगळे त्या दोन खुर्च्यांकडे पाहत होते आणि कोणी काही बोलत नव्हतं. दोन्ही बाजू सारख्या भरल्या. सभापती उठले आणि त्यांनी सरकारच्या बाजूने मत दिलं. अर्धं सभागृह बाकं बडवू लागलं. मला नुसते हलणारे हात दिसले.

मला तेव्हा आनंद झाला. विलो क्रॉसिंग माझ्या मनातही आलं नाही. मनूची अब्रू वाचली आणि ती येते आहे, एवढंच.

ती आली तेव्हा सकाळ होती. खांद्यावर पिशवी, केस विस्कटलेले, बुटांना त्या देशातल्या मिठाचे पांढरे डाग. पलंगाशी जाऊन तिने बाबांचा हात हातात घेतला. आणि बाबांनी डोळे उघडले. अगदी स्वच्छ. तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"तू इथे काय करतेस?" आवाज खरखरीत होता, पण शब्द पक्के. "काल मतदान होतं ना?"

मनू रडायला लागली.

"अरे, हिला चहा द्या कोणीतरी," बाबा म्हणाले. "आणि मलाही."

त्या दिवसांचा सगळा उजेड मला आठवतो. बाबा उशांना टेकून बसलेले, मनू त्यांना बशीतला टोस्ट भरवते आहे आणि म्हणते आहे, "बाबा, तू खा ना, तो बशी खाली पडेल." तरुण डॉक्टरीणबाई येऊन हसली, आम्हाला फार बरं वाटतंय म्हणाली. बाबांनी तिच्याकडून स्वतःचे रिपोर्ट मागून घेतले आणि औषधाच्या मात्रेवरून तिच्याशी वाद घातला. वंदनाने मेतकूट-भात आणला. असे दिवस माणसाला सहसा मिळत नाहीत. मला ते मिळाले, आणि मी ते पुरते उपभोगू शकलो नाही. कारण मतदान झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सरकारने ती कॅज्युअल्टी बंद करायची तारीख जाहीर केली होती, आणि बाबा टोस्ट खात होते.

बाबांना आम्ही सांगितलं, की विरोधी पक्षातल्या कोणीतरी जोडी दिली. "कोणीतरी" असं मी म्हणालो. मनूने माझ्याकडे पाहिलं. बाबा म्हणाले, सभ्य माणसं आहेत.

पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांनी कानावर आलं. विलोकरांना त्यांच्या पक्षाने शेवटच्या रांगेत बसवलं. पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळणार नाही असं ठरलं. त्यांच्या गावात दुकानावर लोक येईनासे झाले. उन्हाळा संपल्यावर कॅज्युअल्टीच्या दारावर पाटी लागली. मनू फोनवर सांगायची, "विलो मला लॉबीत भेटतात. बाबाचा विचारतात." मग तू काय सांगतेस, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. मी डोळ्यांपुढे आणायचो, तिने 'ठीक आहेत' म्हटल्यावर त्या मोठ्या चेहऱ्यावर काय उमटत असेल. मृत्यूच्या नावाने शब्द घेतला आणि मृत्यू आलाच नाही. त्या माणसाला वाटत असेल, आपल्याला फसवलं. आणि ते खरंच होतं. मीच फसवलं होतं, तीन मराठी शब्दांनी आणि एका गप्प बसण्याने.

इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, जी मी वंदनालाही सांगितलेली नाही. ऑक्टोबरात एका रविवारी बाबा पुढच्या खोलीत खिडकीशी शेंगदाणे सोलत बसले होते. पानं गळत होती आणि त्यांच्या सावल्या बाबांच्या शालीवरून सरकत होत्या. मी दारातून त्यांना पाहत होतो आणि माझ्या मनात आलं, बाबा तेव्हा गेले असते तर निदान आमचा शब्द खरा ठरला असता. विचार आला आणि गेला. एखादा पक्षी काचेवर आपटून जातो तसा. बाबांनी वर पाहून विचारलं, "काय रे?" मी म्हणालो, "काही नाही." त्यांनी सोललेले दाणे माझ्यापुढे केले. मी ते खाल्ले. मला आजही त्या दाण्यांची चव आठवत नाही.

तर परवा गदा आली. मी ओला कोट काढून बाबांच्या शेजारी बसलो. यंदाही अर्थसंकल्प, तीच बाकं. विलोकर शेवटच्या रांगेतून उभे राहिले. तेच जाकीट. आवाज जरा खाली गेलेला. ते सांगत होते, की जानेवारीत त्यांच्या गावातली एक बाई बाळंतपणासाठी निघाली, रस्ता बर्फाने बंद झाला, आणि ॲम्ब्युलन्समध्येच बाळ झालं. मग ते थांबले. "या वेळी दोघंही वाचली," ते म्हणाले.

बाबांनी मान हलवली. "'या वेळी' म्हणाला बघ. शहाणा माणूस आहे. त्याचं बरोबर आहे."

तेवढ्यात विलोकरांच्याच बाजूच्या पुढच्या बाकावरून कोणीतरी मान न वळवता ओरडलं, "यू हॅड युअर चान्स, विलो!" थोडे लोक हसले. विलोकर तसेच उभे राहिले, मग बसले.

"कसला चान्स?" बाबांनी विचारलं. "याचेच लोक याला असं का म्हणतात?"

मी चहाचा कप उचलला. वंदना दारात उभी होती. "अहो, सांगून टाका आता," ती म्हणाली. "वर्ष झालं, झोपेत बोलता तुम्ही."

मी सांगितलं. डॉक्टरीणबाईचं वाक्य, माझं वाक्य, माझं गप्प बसणं. जोडी कोणी दिली ते. शेवटची रांग, दुकान, पाटी. बाबांनी पडद्याचा आवाज बंद केला आणि माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. जसं पूर्वी ते पेशंटचं ऐकत असत, मध्ये न बोलता, नजर थोडी खाली ठेवून.

"माझ्या एकट्यासाठी," ते शेवटी म्हणाले. "एक कॅज्युअल्टी. मला विचारलंत?"

"तुम्ही शुद्धीवर नव्हतात, बाबा."

"नंतर होतो की. टोस्ट खात होतो." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "मला त्या माणसाशी बोलायचंय. मनूला सांग."

काल संध्याकाळी तो फोन झाला. बाबांनी टाय बांधला. वंदनाने त्यांच्या मागची उशी नीट केली. पडद्यावर मनू दिसली, आणि तिने फोन वळवल्यावर एका अरुंद खोलीत, खुर्चीत न मावणारे विलोकर. मागच्या खिडकीत बर्फाचा पांढरा प्रकाश होता. ते अर्थातच इंग्रजीत बोलले, पण मला ते सगळं मराठीतच आठवतं आहे, स्वप्नातली माणसं बोलतात तसं.

"मी तो मरणारा माणूस," बाबा म्हणाले.

विलोकरांनी यंत्राशी खुडबुड केली आणि गडगडाट करून हसले. "तब्येत बरी दिसते तुमची."

"मला माफी मागायची आहे. तुम्हाला सांगण्यात आलं की मी जाणार. माझ्या मुलाकडून चूक झाली. तुमचं मत तुम्ही चुकीच्या माहितीवर सोडलंत."

विलोकरांनी मनूकडे पाहिलं. मनूने माझ्याकडे, म्हणजे पडद्याकडे.

"कुठली चुकीची माहिती?" विलोकर म्हणाले. "मला तर हिने सांगितलं होतं, डॉक्टर म्हणतात काहीही होऊ शकतं. वाचतीलही."

मी मध्येच बोललो. "मनू, तू यांना काय सांगितलंस?"

"तेच. दादा, तुझा मराठी मला कळला नाही, मग मी वॉर्डला फोन केला ना. नर्सने सगळा सांगितला."

"मला का नाही बोललीस?"

"तू कधी विचारलाच नाहीस."

वर्षभर मी ज्या खोटेपणाचं ओझं वाहिलं, तो खोटेपणा माझ्या बहिणीच्या मोडक्या मराठीपर्यंतच पोचला होता, पुढे गेलाच नव्हता. मला वाटलं होतं, असं काही कळलं तर मी हलका होईन. झालो नाही. कारण समोरचा माणूस आता आणखी मोठा दिसत होता आणि त्याचं नुकसान तेवढंच राहिलं होतं.

बाबांनाही ते आवडलं नसावं. ते पुढे वाकले. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही बाहेर थांबलात? का?"

"ती जाणारच होती, डॉक्टर. तिचे वडील आजारी म्हणून मला जिंकायचं नव्हतं."

"पण तुमच्या गावाचं नुकसान झालं."

"झालं," विलोकर म्हणाले. "गाव रागावलंय. त्यांचंही बरोबर आहे."

"मी डॉक्टर आहे. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, मत द्या. एका म्हाताऱ्यासाठी कॅज्युअल्टी बंद करत नाहीत."

"ते मला वाटलंच. म्हणून तर बरं झालं तुम्ही बेशुद्ध होतात."

बाबा हसले नाहीत. मग हसले. मग दोघे बराच वेळ बोलले, मला वाटतं रस्त्यांबद्दल, सुईणींबद्दल, बर्फात अडकलेल्या बाईला पहिल्या तासात काय लागतं याबद्दल. बाबा काहीतरी समजावत होते आणि विलोकर एका पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहून घेत होते. मनूच्या सभागृहाची घंटा वाजायला लागली तेव्हा ते उठले. "चल, ईस्टगेट," ते म्हणाले, "तुला आज चांगलं ओरडायचंय मला."

पडदा बंद झाल्यावर खोली एकदम मोठी वाटली. बाबांनी टाय सैल केला. बाहेर कोणीतरी यंदाचं पहिलं गवत कापत होतं आणि तो ओला हिरवा वास खिडकीच्या फटीतून आत येत होता. मी त्यांची शाल उचलून गुडघ्यांवर घातली.

"पुढच्या वेळी," बाबा म्हणाले, "माझं असं काही झालं आणि तिकडे मतदान असलं, तर तिला येऊ नको म्हणून सांगायचं. हे मी शुद्धीवर सांगतोय. ऐकलंस?"

मी आयुष्यभर बाबांना हो म्हणत आलो आहे. जिथे हो म्हणता आलं नाही तिथे गप्प राहिलो आहे. मला विलो क्रॉसिंगची ती बाई आठवली, जिला मी कधी पाहणार नाही. मला मनूच्या बुटांवरचे मिठाचे डाग आठवले. दोन्ही एकाच वेळी, आणि त्यांतलं एकही मागे सरकायला तयार नव्हतं.

"ऐकलं, बाबा," मी म्हणालो. "पण मी तिला बोलावणार."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता ऱ्हस्व-दीर्घ काढतील.

"हं," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.